माशांच्या टँकमधले खडे बदलताना

रमजान जवळ आला की आपल्या घरांत साफसफाईचं वारं सुटतं. पडदे उतरतात, माळ्यावरची भांडी खाली येतात, गाद्या गच्चीवर जातात. दोन वर्षांपूर्वी शाबान महिन्यात मीही अशीच ओढणी कमरेला बांधून कामाला लागले होते. स्वयंपाकघर झालं, कपाटं झाली आणि शेवटी नजर गेली धाकट्याच्या फिश टँकवर. तळाचे निळे खडे काळपट झालेले, काचेवर हिरवा थर. म्हटलं, याचीही ईद होऊन जाऊ दे. दोन्ही गोल्डफिश नळाच्या ताज्या पाण्याच्या बादलीत सोडले. खडे मोरीत ओतून उकळत्या पाण्याने धुतले, दिवसभर गच्चीवर वाळवले. फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून नव्यासारखा केला. संध्याकाळी टँक असा लखलखत होता की आलेल्या मेहमानांना मी मुद्दाम नेऊन दाखवला.

तिसऱ्या दिवशी मोठा मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागला. पाचव्या दिवशी सकाळी तो आडवा पडला होता. चार वर्षं आमच्या घरात होता. धाकट्याने मला एवढंच विचारलं, "अम्मी, पाणी तर इतकं स्वच्छ होतं ना?"

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर वाचलं, जाणत्यांना विचारलं आणि मग कळलं की माशाला मी माझ्या हाताने, साफसफाई करून मारलं. हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे या हिवाळ्यात गारखेड्यातल्या आमच्याच गल्लीतल्या एका आपांनी दार वाजवलं. "भाभी, आमच्या टँकचे खडे बदलायचेत. पण तुमच्याकडे झालं तसं व्हायला नको. अब्बांना सहन होणार नाही."

त्यांच्या अब्बांना लकवा झाल्यापासून ते पलंगावरच आहेत. तरुणपणी ते जुम्म्याच्या दिवशी पाणचक्कीला जाऊन हौदातल्या माशांना फुटाणे टाकायचे, हे गल्लीत सगळ्यांना तोंडपाठ आहे. आता पाणचक्कीला जाणं नाही, म्हणून मुलाने पलंगासमोर दोन फुटांचा टँक ठेवून दिला. दोन गोल्डफिश आणि तळाशी फिरणारा एक सकर. अब्बांचा दिवस त्यांच्याकडे बघण्यात जातो. बोलणं अडखळतं, पण कुठला मासा आज कमी खातोय ते सगळ्यांत आधी त्यांना कळतं.

खडे बदलणं मात्र गरजेचं होतं. दुकानातून आणलेले ते निळे खडे म्हणजे रंग चढवलेली संगमरवराची खडी. रंगाचे पापुद्रे सुटत होते. गोल्डफिशला तळ उकरायची सवय असते. तो खडा तोंडात घेतो, चघळतो, थुंकतो. वाटाण्याएवढा एक खडा एका माशाच्या तोंडात अडकला आणि आपांच्या मुलाने चिमट्याने कसाबसा काढला. त्याच रात्री त्या माझ्याकडे आल्या.

आता धाकट्याच्या प्रश्नाचं उत्तर. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. त्याची विष्ठा आणि न खाल्लेलं खाद्य कुजतं, त्यातूनही अमोनियाच निघतो. तो दिसत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ असलं तरी त्यात असू शकतो आणि माशासाठी तो जहर आहे. जुन्या टँकमध्ये मासे जगतात ते जिवाणूंच्या दोन फौजांमुळे. एक फौज अमोनियाचं नायट्राइट करते. तेही विषारीच. दुसरी फौज नायट्राइटचं नायट्रेट करते, जे बरंच सौम्य असतं आणि थोडं थोडं पाणी बदललं की कमी होतं. विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास झुरिकमध्ये मातीतून असे जिवाणू वेगळे करून दाखवले. शेतातल्या मातीत चालतं तेच काम आपल्या बैठकीतल्या टँकमध्ये चालू असतं.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते चिकटून राहतात, स्पंजला, काचेला आणि सगळ्यांत जास्त तळाच्या खड्यांना. खड्यांवरचा तो किंचित बुळबुळीत थर, जो मी उकळत्या पाण्याने घालवला, तीच माशांची मोरी आणि तेच गटार साफ करणारं खातं. मी एका दिवसात सगळं खातं बरखास्त केलं. नवी फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. मासा पाचच दिवस थांबला.

आपांच्या टँकमध्ये धोका त्याहून मोठा होता, कारण त्यांचा फिल्टर खड्यांखालचा होता. तळाशी जाळीदार प्लॅस्टिकच्या प्लेटा, कोपऱ्यात उभ्या नळ्या, हवेच्या पंपाने नळीतून पाणी वर चढतं आणि खड्यांमधून खाली झिरपतं. स्वस्त आणि टिकाऊ म्हणून आपल्याकडे हा प्रकार खूप घरांत आहे. यात वेगळा फिल्टर असा नसतोच. खडेच फिल्टर. ते एकदम काढले की टँकला फिल्टर उरत नाही.

म्हणून पहिलं काम खड्यांना हात न लावता केलं. एक साधा स्पंज फिल्टर आणला आणि चालू टँकमध्ये एका कोपऱ्यात जोडून दिला. बस. एक महिना तो तिथे नुसता बुडबुडे सोडत होता. आपांना घाई होती, रोज विचारायच्या, "भाभी, झालं का?" मी म्हणायचे, दही लागतंय, हलवू नका. महिनाभरात त्या स्पंजवर जिवाणूंची वस्ती झाली. तुमच्या टँकमध्ये स्पंजचा किंवा वरून पाणी पडणारा वेगळा फिल्टर कित्येक महिने चालू असेल तर हा महिना तुम्हाला थांबावं लागणार नाही. फक्त खडे बदलाल त्याच्या आगेमागे दोन-तीन आठवडे तो फिल्टर धुवायचा नाही. एरवीही धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यात, दोनदा दाबून. नळाखाली नाही, तिथलं क्लोरीन जिवाणूंना मारतं.

त्या महिन्यात आम्ही नवे खडे शोधले. दोन फूट लांब आणि एक फूट रुंद तळावर दोन इंचांचा थर द्यायचा तर साधारण 14 ते 15 किलो माल लागतो. गोदावरीची वाळू आजकाल कशा भावाने आणि कुठल्या वाटेने येते, त्यात मी पडत नाही. पण बांधकामावर मिळणारी क्रश सँड तरी घेऊ नका. ती काळा दगड फोडून केलेली असते, कडा टोकदार असतात, भुकटी संपता संपत नाही आणि तळ उकरणाऱ्या माशांच्या तोंडाला, मिशांना इजा होते. आम्ही नदीतले गोल, तपकिरी, ज्वारीच्या दाण्याएवढे खडे घेतले. गोल्डफिशसाठी एक तर इतके बारीक घ्या की तोंडात अडकणार नाहीत, नाहीतर इतके मोठे की तोंडात मावणार नाहीत. वाटाण्याचा आकार तेवढा टाळा.

घेण्याआधी सिरक्याची परीक्षा करायची. पाच-सहा कोरडे खडे वाटीत घेऊन त्यावर सिरका टाका. बारीक बुडबुडे फसफसून आले तर त्यात चुना आहे. असे खडे पाण्यात हळूहळू विरघळतात आणि पाणी जड करत जातात. आपांचा निळा खडा फोडून त्यावर सिरका टाकला तर सोड्यासारखा फसफसला. वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर विकायला असतात ते पांढरे चमकदार स्फटिकही मुलं हौसेने टँकमध्ये ठेवतात. त्यातला कॅल्साइट असाच फसफसतो, तेव्हा तोही तपासून घ्या.

धुण्याचा कंटाळा करू नका. साबण, वॉशिंग पावडर, फिनेल यांचा वास लागलेली बादलीसुद्धा नको. तांदूळ धुतो तसे थोडे थोडे खडे घमेल्यात घेऊन, हाताने चोळून, गढूळ पाणी ओतत राहायचं. आमचे खडे अकराव्या पाण्याला स्वच्छ झाले. यासाठी बोअरचं पाणी वापरलं आणि सगळं गढूळ पाणी कुंड्यांना घातलं.

कारण पाण्याचं आपल्याकडे कसं आहे, ते शहरात राहणाऱ्यांना माहीत आहे. पैठणहून जायकवाडीचं पाणी येतं, पण नळाला आठवड्यातून एकदा आलं तरी आम्ही शुक्र मानतो. टँकचं काम करताना हे वेळापत्रक आधी बघावं लागतं. नळ आला त्याच दिवशी खडे बदलू नका, त्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो. आम्ही त्या दिवशी 60 लिटरचा ड्रम भरून घेतला, दुकानात मिळणारं क्लोरीन मारायचं औषध डबीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकलं, आत हवेची नळी सोडली आणि ड्रम चोवीस तास उघडा ठेवला. औषध नसेल तर पाणी पसरट भांड्यात एक-दोन दिवस उघडं ठेवलं तरी क्लोरीन बरंचसं उडून जातं. बोअर किंवा टँकरचं पाणी खडे धुवायला चालेल, पण नळाच्या पाण्यावर वाढलेल्या माशांवर ते एकदम ओतू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं आणि एवढा फरक माशांना झेपत नाही.

अब्बा मध्येच म्हणाले, "पाणचक्कीच्या हौदाला कोण एवढं करतं?" बरोबर आहे. पण तो हौद केवढा, आणि त्यात नहरीतून नवं पाणी येत राहावं अशीच त्याची रचना. आपांच्या टँकमध्ये जेमतेम 60 लिटर पाणी. एवढ्याशा पाण्यात चूक पसरायला जागाच नसते. खरं सांगायचं तर दोन गोल्डफिश आणि एक सकर यांना 60 लिटर आधीच कमी आहे, पण ते मी अब्बांसमोर बोलले नाही.

काम दोन हप्त्यांत करायचं ठरलं. तळाला प्लेटांचे दोन तुकडे होते, प्रत्येकाची नळी वेगळी. पहिल्या रविवारी उजवा अर्धा भाग, डावा दोन आठवड्यांनी. म्हणजे अर्धे जुने खडे मधल्या काळात आपलं काम करत राहतील.

रविवारी फजरनंतरच सुरुवात केली. आधी सगळे प्लग काढले. हीटर असेल तर तो बंद करून पंधरा-वीस मिनिटं पाण्यातच गार होऊ द्या, तापलेला उघडा पडला तर काच तडकते. मग तळ ढवळायच्या आधी, वरचं स्वच्छ पाणी नळीने एका मोठ्या टबमध्ये घेतलं. मासे त्या जुन्याच पाण्यात सोडले, स्पंज फिल्टर उचलून त्याच टबमध्ये चालू केला आणि वर जुनी चाळण उलटी ठेवली, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. टब अब्बांच्या पलंगाजवळच ठेवला. ते एका हाताने टबाची कड धरून बसले होते.

मासे टबमध्ये काढण्याचं कारण प्लेट उचलल्यावर दिसलं. खाली बोटभर काळा गाळ. वर्षानुवर्षं न हललेल्या अशा गाळात हवा पोचत नाही आणि तिथे सडलेल्या अंड्यांच्या वासाचा वायू साठतो. तो पाण्यात मिसळला तर मासे तासाभरात जाऊ शकतात. वास आला की खिडक्या उघडा, घाबरू नका. मध्ये काचेची एक पट्टी उभी धरून डावे खडे सरकू दिले नाहीत, उजवे प्लॅस्टिकच्या मगने काढले. स्टीलचं उलथनं वापरू नका, काचेवर ओरखडे येतात आणि कोपऱ्यातलं सिलिकॉन फाटतं. गाळ नळीने ओढून घेतला. पाणी आणि खडे असलेला टँक जरासाही सरकवायचा नाही. दोन फुटांचा भरलेला टँक 80 किलोंच्या पुढे जातो आणि तो सरकवताना सांधे सुटतात.

जुन्या खड्यांतले दोन मूठ वगळून बाकी बाहेर काढले होते. ते दोन मूठ जुन्या ओढणीच्या तुकड्यात पुरचुंडी बांधून परत टँकमध्ये ठेवले, म्हणजे त्यांच्यावरचे जिवाणू नव्या खड्यांवर पसरतील. तोवर ते टँकच्याच पाण्यात ठेवले होते, सुकले की जिवाणू मरतात. नवे खडे वाटीवाटीने सोडले, वर एक ताटली ठेवली आणि ड्रममधलं पाणी त्या ताटलीवर हळू ओतलं. टबमधलं जुनं पाणीही शक्य तेवढं परत घेतलं. त्या आधी टबमध्ये दर पाच मिनिटांनी टँकचं एक भांडं पाणी घालत अर्धा तास माशांना सवय केली. जुहरपर्यंत सगळं आटोपलं.

पाणी दोन दिवस धुरकट होतं. आपांच्या सासूबाई तुरटी फिरवायला निघाल्या होत्या, त्यांना अडवावं लागलं. तुरटीने पाण्याचा आम्लपणा बदलतो आणि घाबरलेल्या माशांना तोच एक धक्का पुरतो. धूळ आपोआप खाली बसते.

मला काळजी होती ती पुढच्या दिवसांची. त्या दिवशी माशांना काही खायला दिलं नाही, पुढचा आठवडा निम्मंच खाद्य. कमी खाल्लं की कमी अमोनिया. माशांना काही होत नाही, अब्बांनाच जास्त वाईट वाटत होतं. दुकानातून अमोनिया तपासायचं औषध आणलं होतं. काचेच्या नळीत थेंब टाकले की पिवळा रंग राहिला तर ठीक, हिरवट झाला तर अमोनिया आहे. पहिले दोन दिवस पिवळा. तिसऱ्या दिवशी असरनंतर आपांचा फोन आला, "अब्बा म्हणतात लहान मासा वर वर फिरतोय." जाऊन पाहिलं तर थेंबांचा रंग किंचित हिरवा झाला होता. ताबडतोब चौथा हिस्सा पाणी बदललं, हवेचा पंप जोरात केला आणि खाद्य बंद. दुसऱ्या दिवशी आणखी चौथा हिस्सा. पाचव्या दिवशी रंग पुन्हा पिवळा. माझ्या घरी तिसऱ्या दिवशी हेच सुरू झालं होतं, फक्त तेव्हा मी टँक आणखी एकदा धुऊन काढला होता.

तपासायचं औषध नसेल तर माशांकडे बघा. वर येऊन धापा टाकणं, पंख अंगाला चिकटवून कोपऱ्यात बसणं, खाद्याकडे दुर्लक्ष, कल्ले जास्तच लाल किंवा तपकिरी दिसणं, यातलं काहीही दिसलं की आधी पाणी थोडं बदला, विचार नंतर करा. नायट्राइटचा त्रास दुसऱ्या आठवड्यातही होऊ शकतो, तेव्हा दोन दिवस बरे गेले म्हणून निश्चिंत होऊ नका. हे काम एप्रिल-मेमध्ये काढूच नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि तोच अमोनिया जास्त जहरी होतो. वीज गेली तर हवा बंद पडते, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असलेला बरा.

डावी बाजू दोन आठवड्यांनी झाली. त्या वेळी अमोनिया वर चढलाच नाही, कारण स्पंज आणि उजवे खडे तोवर तयार होते. प्लेटा भंगारात गेल्या, निळे खडे आपांच्या मोगऱ्याच्या कुंडीखाली. तपकिरी तळावर गोल्डफिशचा रंग जास्त खुलतो, असं अब्बांचं म्हणणं आहे. सकर आता दिवसाही बाहेर येतो, हेही त्यांनीच सांगितलं.

आमच्या घरी तो दुसरा गोल्डफिश अजून आहे, त्याच निळ्या खड्यांवर. कोपऱ्यात नवा स्पंज फिल्टर लावून आज बारा दिवस झाले. धाकट्याने कॅलेंडरवर महिन्याभरानंतरच्या तारखेला गोल केला आहे आणि तोपर्यंत टँकच्या जवळ फडकं घेऊन जायची मला मनाई आहे.